मूठ कोणी फिरवली?

वरची खोली मला भाड्याने देण्याआधी तुळशीराममामांनी माझ्या चपला उलट्या करून पाहिल्या होत्या. मी समोरच्या खुर्चीवर बसलो होतो, मामी पाणी आणायला आत गेल्या होत्या आणि हे गृहस्थ दारात वाकून माझ्या चपलांचे तळ न्याहाळत होते. मी बघतोय हे कळल्यावरही त्यांना संकोच वाटला नाही.

"टाचेकडून झिजल्यात," ते म्हणाले. "टाचेकडून झिजवणारा माणूस सावकाश चालतो. पुढून झिजल्या असत्या तर खोली दिली नसती. पुढून झिजवणारा कायम पळायच्या बेतात असतो."

माझी परभणीला बदली झाली होती. बायको-मुलगा नांदेडला, मुलाच्या शाळेसाठी तिथेच राहिलेले. जिंतूर रोडच्या आतल्या बाजूला ही खोली मिळाली. खाली मामा-मामी, वर मी. मामा मूळचे देवगाव फाट्याजवळच्या एका गावाचे, मामी चारठाण्याच्या. मुलगी हैदराबादला दिलेली. घरात तिसरं कोणी नाही.

पहिल्या महिन्यात मीही त्यांच्यावर संशय घेतला, हे आधी सांगून टाकतो. दर काही दिवसांनी स्टेशनकडून एखादी रिक्षा यायची. तिच्यातून गोणपाटात शिवलेलं लांबट गाठोडं उतरायचं आणि उतरताना आत लोखंड वाजायचं. मामा ते छातीशी धरून मागच्या खोलीत न्यायचे आणि कडी लावायचे. मग थिनरचा उग्र वास जिन्यावरून वर माझ्यापर्यंत यायचा. मी ऑफिसात सहज बोललो, तर शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ खालच्या आवाजात म्हणाले, "बघून ठेवा बरं. उद्या पंचनामा झाला तर वरचा भाडेकरू म्हणून पहिलं नाव तुमचं."

रविवारी दुपारी मी मागच्या खोलीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आतून आवाज आला, "दारातून या, भास्करराव. खिडकीतून अर्धं दिसतं. अन् अर्धं बघितलेला माणूस बाहेर जाऊन पूर्ण सांगतो."

आत भिंतीला टेकून काठ्या उभ्या होत्या. कुणाचं टोक लोखंडी, चमच्यासारखं चपटं, कुणाचं लाकडी गोळ्यासारखं. गल्लीतली पोरं त्यांना हॉकी म्हणायची. त्या गोल्फच्या काठ्या होत्या. मामांनी उमेदीची सगळी वर्षं हैदराबादच्या एका गोल्फ क्लबात स्टोअरकीपर म्हणून काढली होती. तिथल्या कारागिराकडून काठ्यांच्या मुठी बदलायचं काम शिकले होते. हातात धरायचा रबरी भाग घामाने आणि उन्हाने गुळगुळीत होतो, चिरतो, मग तो काढून नवा बसवावा लागतो. निवृत्त होऊन परभणीला आले तरी क्लबातले जुने मेंबर काठ्या त्यांच्याकडेच पाठवत. साऱ्या जिल्ह्यात गोल्फचं मैदान नाही आणि मामांनी स्वतः कधी चेंडूला काठी लावलेली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "किल्ली करणारा काय घरफोडी करून बघतो का?"

त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात परात दिली आणि मी त्यांचा मदतनीस झालो. परात मामींची, कणीक मळायची. ती थिनरसाठी वापरतात म्हणून मामी रोज चिडायच्या. "माजी परात नासवली. भाकरीला बी आता रंगाचा वास यायलाय," असं त्या दारातून ओरडायच्या आणि मामा शांतपणे म्हणायचे, "वास यायलाय म्हणजे नाक शाबूत हाय. शुक्र कर."

काम बघण्यासारखं होतं. काठी टेबलाच्या कडेला शिकंज्यात आवळायची. जुनी मूठ वाकड्या पात्याच्या चाकूने उभी चिरून सालीसारखी सोलायची. खालची जुनी टेप खरवडून काढायची आणि दोन्हीकडून चिकटणारी नवी टेप गुंडाळायची. नव्या मुठीच्या टोकाला बारीक भोक असतं. त्यावर बोट दाबून आत थिनर ओतायचं, हलवायचं, तेच थिनर टेपवर सोडायचं आणि टेप ओली आहे तोवर मूठ एका दमात काठीवर चढवायची. अर्ध्यावर थांबलं की ती मूठ गेली. खाली सांडणारं थिनर परातीत धरायचं, ते माझं काम. शेवटी मुठीवरची छापील रेघ काठीच्या खालच्या तोंडाशी बरोबर जुळवायची. थिनर उडेपर्यंतच मूठ फिरते. परभणीच्या उन्हाळ्यात ही सवड फार थोडी असते. नंतर मुठीचा आणि काठीचा एक जीव होतो.

"मूठ केसभर वाकडी बसली तर मेंबरचा चेंडू झाडीत जातो," मामा सांगायचे. "अन् मेंबर काय म्हणतो? काठी खराब हाय म्हणत न्हाई. तुळशीरामची नीयत खराब हाय म्हणतो."

नीयत हा त्यांचा आवडता शब्द. जगातल्या प्रत्येकाची नीयत त्यांनी तपासायला घेतली होती. गॅसची टाकी आली की ते स्वतःचा ताणकाटा काढायचे आणि टाकी आणणारा माणूस आकाशाकडे बघत उभा राहायचा. दूधवाल्याने माप ओतलं की त्याला तिथेच थांबवून दुधाचा एक थेंब नखावर धरायचे. नळाला पाणी आलं की पहिली बादली उन्हात ठेवून तळाशी काय बसतं ते बघायचे. आणि माणसं तपासायची त्यांची एक खास रीत होती. एकच बातमी दोघांना थोडी वेगळी सांगायची. हैदराबादची लेक दिवाळीला येणार, असं त्यांनी मला सांगितलं. संक्रांतीला येणार, असं इस्त्रीवाल्याला. आठवड्याने कोपऱ्यावरच्या बाईंनी मामींना विचारलं, "संक्रांतीला लेक यायलीय म्हणे?" मामांनी त्या दिवसापासून इस्त्रीला कपडे देणं बंद केलं आणि नंतर कायम चुरगळलेला सदरा घातला.

"म्हणजे मी पास झालो का?" मी हसत विचारलं.

"ह्या खेपेला," मामा म्हणाले. ते हसले नाहीत.

त्यांचा स्वभाव असा का झाला, याच्या दोन हकिगती घरात होत्या. मामांची हकिगत अशी की, क्लबात एकदा एका मेंबरच्या काठ्या कोणीतरी बदलल्या आणि आळ स्टोअरवर आला. खरा माणूस सापडेपर्यंत सगळे त्यांच्याशी नेहमीसारखंच गोड बोलत होते. "शिव्या दिल्या असत्या तर मी विसरलो असतो. गोड बोलले म्हणून लक्षात राहिलं," असं ते म्हणायचे. मामींना ही हकिगत अजिबात मंजूर नव्हती.

"कशाचा कलब अन् कशाचं काय," त्या मला म्हणाल्या. "लग्नात अंतरपाट धरला व्हता, तर ह्यांनी तो खालून उचलून बघितला. भटजी म्हनले, काय बघायलाव? तर म्हनले, पोरगी तीच हाय का, खात्री करायलोय. समदा मांडव हसला. माजा भाऊ तर बैलगाडी जुंपाया निघाला व्हता."

"मग? तीच निघाली न्हाई का?" मामा आतून म्हणाले. "खात्री केली म्हणून काय बिघडलं?"

माझ्या तिथल्या तिसऱ्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा मूठ वाकडी दिसली. मामांनी ती नेहमीच्या झोकात चढवली, एक डोळा बारीक करून रेघ जुळवली आणि "झाली" म्हणून हात धुवायला मोरीकडे गेले. मी परात घेऊन उभा होतो. रेघ डावीकडे झुकलेली होती. केसभर नव्हे, चांगली दिसण्याइतकी.

त्यांना हाक मारून सांगावं, असं माझ्या मनात आलं होतं. पण मामांना सांगायचं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. आधी माझ्या नजरेची चौकशी, मग माझ्या हेतूची. आणि तेवढ्यात थिनर उडून गेलं असतं. मी परात खाली ठेवली, मूठ दोन्ही हातांनी धरली आणि सरळ केली. मामा परत आले, त्यांनी काठीकडे एक नजर टाकली आणि पुढची घेतली.

त्यानंतर हा नेम झाला. ते बसवायचे आणि हात धुवायला जायचे, मी फिरवायचो. त्यांचं काम मी वाचवतोय, असं मी स्वतःला सांगत होतो. हैदराबादहून एक जरी तक्रार आली असती, तरी हा माणूस खचला असता, असं मला वाटत होतं. त्यांच्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलंय, हे मला कळत नव्हतं असं नाही. ते दाराच्या डाव्या चौकटीला खांदा घासून जायचे. स्कूटर काढताना डावीकडच्या कुंडीला धक्का लागायचा आणि "कुंडी कोणी सरकवली?" म्हणून मामींवर ओरडायचे. एकदा मी म्हणालो, "मामा, डोळे एकदा दाखवून घ्या ना." ते लगेच म्हणाले, "कोणत्या डॉक्टरनं पाठवलं तुमाला?" मी विषय सोडून दिला. सोडून देणं सोपं होतं, कारण मुठी तर सरळ जात होत्या.

दिवाळीनंतर एका मेंबरच्या काठ्या आल्या. त्यांच्या मुठी वेगळ्या होत्या. मागच्या बाजूला आतून एक उभा कणा होता, बोटांना लागेल असा. त्या दिवशी मामा कमी बोलत होते. एक मूठ त्यांनी चढवली, त्यावरून अंगठा फिरवला आणि मोरीकडे गेले. ती भलतीच वाकडी होती. मी नेहमीप्रमाणे सरळ केली.

मामा परत आले. ओल्या हातानेच त्यांनी मुठीवर अंगठा ठेवला. वरून खाली, खालून वर.

"मूठ कोणी फिरवली?"

माझ्या हातात परात होती. "मी," मी म्हणालो.

"कामून?"

"वाकडी बसली होती, मामा."

"वाकडीच होती. मीच बसवली होती, मुद्दाम. सकाळी एक बसवली तवा डोळा सरळ म्हणाला अन् अंगठा वाकडी म्हणाला. हात धुवून आलो तर अंगठा बी सरळ म्हणायला लागला. रबराला पाय फुटत न्हाईत, भास्करराव. म्हणून ही दुसरी अंगठ्यानं मोजून वाकडी केली अन् तुमच्यापाशी ठेवून गेलो." त्यांनी ओला हात सदऱ्याला पुसला. "ह्याच्या आधी किती फिरवल्या?"

"उन्हाळ्यापासून. जवळजवळ सगळ्या."

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. मला वाटलं, आता ओरडतील. ते अगदी हळू बोलले.

"ह्यात तुमचा फायदा काय?"

फायदा काहीच नव्हता, आणि मामांच्या हिशेबात बिनफायद्याने माझ्या पाठीमागे काहीतरी करणारा माणूस सगळ्यात घातक होता. मी म्हणालो, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"म्हणजे गोड बोललात," मामा म्हणाले.

आवाज ऐकून मामी दारात आल्या होत्या. "मानसानं मदत केली तर त्याला बी कोर्टात उभं करायलाव का?"

"तुला ठाऊक व्हतं?"

"मुठीचं मला काय ठाऊक?" मामी म्हणाल्या. मग त्यांनी पदराला हात पुसले. हात कोरडेच होते. "डोळ्याचं ठाऊक व्हतं. गुडीपाडव्यापासून तुमच्या ताटात चटनी-लोनचं मी उजवीकडं वाढायलेय. डावीकडं वाढलेलं तसंच ऱ्हायचं. तुमी म्हनायचे, आज चटनी केली न्हाईस का. ताटात असायची."

मामांनी मामींकडे पाहिलं. जन्मभर ज्याने ताटात चटणी डावीकडे पाहिली आणि दुधाचा थेंबसुद्धा नखावर धरून तपासला, त्याच्या ताटातली बाजू बदलली होती आणि त्याला पत्ता नव्हता. त्यांचा चेहरा तेव्हा जसा झाला, तसा मी पुढे दवाखान्यातही पाहिला नाही.

"चला. परीक्षा घ्या," ते अचानक म्हणाले. एक बिनकण्याची मूठ त्यांनी थिनर जास्त ओतून काठीवर चढवली. मी मूठ फिरवायची, त्यांनी बघून सांगायचं. त्यांनी "सरळ" म्हटलं ती वाकडी होती. मग म्हणाले, तुम्ही नको, हिला फिरवू द्या. मामींनी फिरवली. तेही चुकलं. "दोघं मिळालेले आहात," मामा म्हणाले, पण त्या बोलण्यात जोर नव्हता. शेवटी त्यांनी आम्हा दोघांना मागे सरकायला सांगितलं आणि कण्याची आणखी एक ओली मूठ चढवली. आधी नुसतं बघून जुळवली. मग डोळे मिटून अंगठा फिरवला. डोळे उघडले, बघितलं. पुन्हा मिटले. असं ते कितीतरी वेळ करत राहिले. थिनर कधीच उडून गेलं होतं.

"दोघांतला एक खोटं बोलायलाय," ते म्हणाले. मग अंगठ्याकडे बघून म्हणाले, "हा न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही परभणीतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. चार दिवसांनी नांदेडला दुसऱ्या डॉक्टरांकडे, पहिल्याचे कागद घरी ठेवून आणि आपण आधी कुठे दाखवलंच नाही असं सांगून. दोघांनीही एकच सांगितलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याची नजर जवळपास संपली आहे, ती परत येणार नाही. उजव्यातही सुरुवात झाली आहे, पण तो ऑपरेशन आणि रोजच्या थेंबांनी राखता येईल.

मामांनी नांदेडच्या डॉक्टरांना विचारलं, "उन्हाळ्यात आलो असतो तर?"

"तर डाव्यातलंही बरंच राहिलं असतं," डॉक्टर म्हणाले. त्यांना कागद लिहायची घाई होती.

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर पाहिलं असतं. मी तक्रारींची वाटच बंद करून टाकली होती. एखादा मेंबर रागावून फोनवर दोन शब्द बोलला असता, तर या संशयी माणसाने त्याच आठवड्यात स्वतःच्या डोळ्यांना पकडलं असतं. त्यांच्या सगळ्या तपासण्या चालू होत्या. मी तेवढी एक चालू दिली नव्हती.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या उजवीकडे बसायला लागलो, तर म्हणाले, "न्हाई, इकडं बसा." आणि डावीकडची जागा दाखवली. त्या बाजूला माणूस हवा म्हणून, की मी दिसू नये म्हणून, हे मी वसमत येईपर्यंत ठरवत होतो. अजून ठरलेलं नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. थेंब घालायला मामी शिकल्या. मामा बाटलीवरची तारीख मला वाचायला लावायचे आणि नंतर मामींनाही. त्यापलीकडे मला खालून हाक आली नाही. थिनरचा वास नाही, रिक्षा नाही. संध्याकाळी मी जिना चढताना मामा ओट्यावर असायचे, मान डावीकडे पूर्ण वळवून मला बघायचे आणि "आले का?" एवढंच म्हणायचे.

मग एका रविवारी खालून आवाज आला. "भास्करराव, परात."

मी गेलो. मामांनी सगळं काम पूर्वीसारखं केलं, पण मूठ चढवल्यावर ते जागचे हलले नाहीत. हात मुठीवरच ठेवून म्हणाले, "बघा. सरळ हाय का?"

एवढ्या वर्षांत हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मी वाकून बघितलं. माझ्या तोंडून "हो" जवळजवळ निघालाच होता.

"वाकडी आहे, मामा. डावीकडे झुकलीय."

"किती?"

"किंचित."

"तुमचं किंचित म्हणजे किती? ऑफिसातलं का घरातलं?"

"तांदळाएवढं."

"बासमती का साधा?"

"साधा."

त्यांनी मूठ फिरवली. "आता?"

"अजून अर्धा दाणा."

"आता?"

"आता सरळ."

त्यांनी चांगला डोळा माझ्यावर लावला. गॅसच्या काट्याची सुई थरथरायची थांबेपर्यंत ते जसे बघायचे, तसेच बघत राहिले. मग हात काढले.

वर्षभराने माझी नांदेडला बदली झाली. सामान आधीच टेंपोने गेलं होतं. मी बॅग घेऊन रिक्षात बसलो, तेव्हा मामींनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून मांडीवर ठेवली. मामा ओट्यावर काम करत होते, कारण आत आता त्यांना उजेड पुरत नव्हता. नुकतीच चढवलेली मूठ त्यांच्या हातात होती, थिनर ठिबकत होतं, म्हणून उठता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. रिक्षावाल्याने गाडी चालू केली. मामी लगबगीने ओट्याकडे परतल्या.

"हं, सरळ हाय का?" मामांचा आवाज आला.

"हाय, हाय, सरळ हाय," मामी पायरी चढता चढता म्हणाल्या.

"आदी बघ," मामा म्हणाले. "मग बोल."

मी रिक्षातून मागे वळून पाहिलं. मामींनी पदर खोचला होता आणि गुडघ्यावर हात ठेवून त्या काठीवर वाकल्या होत्या.